पोरगी रडते, पोरगा दार आपटतो

गेल्या अंकात किशोरवयीन मुलामुलींच्या मनःस्थितीविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं मुलींबद्दल होती, मुलांबद्दलची मोजकीच. मुलांबद्दलच्या पत्रांत ‘नैराश्य’ हा शब्द जवळपास नव्हताच; ‘उद्धटपणा’, ‘आळस’, ‘मोबाईल’ हे शब्द मात्र भरपूर होते. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. नावं गाळली आहेत.

मुलगी चौदा वर्षांची, नववीत. महिनाभर कशावरूनही डोळ्यांत पाणी. सासूबाई म्हणतात, मुलीची जात हळवीच, वयात आली की असंच. मला धाकधूक वाटते. हे वय की आजार, कसं ओळखायचं? – एक आई, चिपळूण

रडण्यावरून ओळखायला जाऊ नका. काही मुली रोज रडून मोकळ्या होतात आणि छान असतात. काही महिनोन्‌महिने खचलेल्या असतात आणि एक टिपूस काढत नाहीत.

वयाचा भाग असतोच. अमेरिकेत रीड लार्सन आणि सहकाऱ्यांनी मुलांना दिवसभरात मध्येच इशारा देऊन ‘आत्ता कसं वाटतंय’ ते त्या क्षणी लिहून घेतलं. पाचवीपासून वर जाताना रोजच्या आनंदाची सरासरी थोडी थोडी उतरत जाते आणि दहावीच्या सुमारास ही उतरण थांबते, असं त्यांना दिसलं. म्हणजे नववीतली मुलगी पाचवीतल्या स्वतःपेक्षा थोडी कमी खुश असणं हे नेहमीचंच.

आजार ठरवताना डॉक्टर नऊ गोष्टी पाहतात: मन उदास किंवा चिडचिडं असणं, आवडत्या गोष्टींतली गोडी जाणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा उलट एका जागी बसवेनासं होणं, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. यांतल्या किमान पाच, त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि त्यापायी शाळा, घर, मैत्रिणी यांत अडथळा – असं असेल तर नैराश्याचं निदान होतं. वजनाची एक बारीक गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते. या वयात वजन वाढत असतं. त्यामुळे घटलं नाही पण जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलंही नाही, तर तेही यात धरतात.

दहा दिवस एक वही ठेवा, मुलीला न दाखवता नव्हे, पण गाजावाजाही न करता. रोज तीनच ओळी: किती वाजता झोपली-उठली, ताटात काय राहिलं, आणि एरवी ती आपणहून जे करायची ते आज केलं का. समजा शुक्रवारी शाळेत भांडण झालं, रडली. शनिवारी मावसभाऊ आला, पत्त्यांचा डाव रंगला, पोहे दोनदा मागून घेतले, रविवारीही बरी होती. हा मूड झाला. आता दुसरं चित्र. मावसभाऊ आल्यावर बाहेर आली, पत्ते हातात घेतले, ‘कोणाची पाळी?’ असं दोनदा विचारलं, एकदा हसलीही, आणि दहा मिनिटांत ‘डोकं दुखतंय’ म्हणून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. रविवारीही तेच, सोमवारीही तेच. एकदा हसली म्हणून निर्धास्त होऊ नका. या वयात नैराश्यातही चांगल्या प्रसंगी मन घटकाभर खुलतं. ते किती वेळ खुललेलं राहतं ते बघा.

सोबत रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि डॉक्टरांना गरज वाटली तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व बी-१२. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत ३१.१ टक्के. थकवा, धाप, लक्ष न लागणं, चिडचिड यांतलं बरंचसं रक्त कमी असण्यानेही होतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रिकाम्या पोटी मळमळते म्हणून दप्तराच्या कप्प्यात जाते. ती जेवणानंतर घ्यायची आणि आगेमागे तासभर चहा नाही. रक्तक्षय निघाला म्हणजे नैराश्य नाही, असं मात्र समजू नका. दोन्ही एकत्र असू शकतात.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुलींना नैराश्य जास्त येतं असं प्रशिक्षणात सांगितलं. खरंच जास्त येतं, की मुली बोलतात म्हणून जास्त दिसतं? – एक शिक्षिका, सांगली

दोन्ही खरं आहे.

लहानपणी फरक जवळजवळ नसतो. बाराव्या वर्षाच्या आसपास मुलींचा आलेख वर सरकू लागतो. रेचल सॉक, जॅनेट हाइड आणि लिन अब्रॅमसन यांनी २०१७मध्ये नव्वदहून अधिक देशांतली आकडेवारी एकत्र केली. निदान झालेल्या नैराश्यातली तफावत १३ ते १५ या वयात सर्वांत रुंद निघाली: एका मुलामागे मुलींचं गुणोत्तर साधारण तीन. प्रौढ वयात ते दोनच्या आसपास येतं. आठवी-नववी-दहावी म्हणजे नेमके तुमचे वर्ग.

याला एकच कारण नाही. शरीराचा वाटा आहे: वयापेक्षाही वयात येण्याच्या टप्प्याशी या वाढीचा संबंध जास्त जुळतो आणि बरोबरीच्या मुलींच्या आधी पाळी येणाऱ्या मुलींना धोका अधिक असतो. सहावीतल्या मुलीचं शरीर पंधराच्या मुलीसारखं दिसू लागतं. तिच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा बदलतात, घरचे नियम बदलतात, आणि हे सगळं पेलणारं मन मात्र अकरा वर्षांचंच असतं. संप्रेरकांना एकट्याने दोष देणं आम्हाला म्हणूनच पटत नाही. छेडछाड, लैंगिक अत्याचार, दिसण्यावरून टोमणे, खेळायला बाहेर जाणं बंद, भावापेक्षा जास्तीची घरकामं यांचा भार मुलींवर अधिक पडतो आणि तो याच वयात सुरू होतो. तिसरं कारण सूझन नोलेन-होक्सिमा यांनी १९८०-९०च्या दशकांत मांडलं: मन खट्टू झालं की मुली ते उगाळत बसण्याकडे अधिक झुकतात, मुलं लक्ष दुसरीकडे वळवतात. उगाळल्याने उदासी लांबते, हे नंतरच्या अभ्यासांतही टिकलं.

आता दुसरी बाजू. भारताच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सर्व मानसिक आजार मिळून प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि मुलामुलींत ते जवळपास सारखं होतं. आजार वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतो: मुलीत उदासी, भीती, डोके-पोटदुखी, मुलात संताप, मारामारी, व्यसन. प्रश्नावलीत ‘तुला रडू येतं का’ विचारलं की मुलगा ‘नाही’वर खूण करतो. ते खोटं नसतं. त्याला खरंच रडू येत नाही, त्याला भिंतीवर मूठ मारावीशी वाटते.

रोजच्या भावनांत मुली अधिक हेलकावतात हा समज मात्र सोडून द्या. मिशिगन विद्यापीठाच्या गटाने १४२ तरुण स्त्री-पुरुषांकडून ७५ दिवस रोज भावनांच्या नोंदी घेतल्या. चढउतार पुरुषांतही तितकेच निघाले. ते लोक किशोर नव्हते, प्रौढ होते, हे खरं. तरी पुरुष चिडला की ‘कामाचा ताण’ आणि बाई चिडली की ‘मूड’, ही आपली वाटणी त्या नोंदींत सापडत नाही.

वर्गात करायची एक गोष्ट: हजेरीच्या वहीत मागे दोन पानं ठेवा. ज्याचं वागणं या सत्रात गेल्या सत्रापेक्षा बदललंय त्याचं नाव तिथे लिहा. मग ते बदलणं गप्प होण्याचं असो की बाक वाजवण्याचं. महिन्याअखेरीस समुपदेशकाकडे ती यादी द्या. नुसती ‘रडणाऱ्यांची’ यादी दिलीत तर त्यात मुलगे येणारच नाहीत.

मी १५ वर्षांचा आहे. सिनेमा बघताना, कोणी ओरडलं तरी मला रडू येतं. मित्र हसतात. माझ्यात काही कमी आहे का? – बारामती

नाही. मुलामुलींच्या भावना व्यक्त करण्यावरचे १६६ अभ्यास तपासले तेव्हा सरासरी फरक अगदी थोडा निघाला, तोही वय आणि समोर कोण आहे यावर अवलंबून. रडू आल्यावर तू नंतर मोकळा होतोस का, ते बघ. होत असशील तर मित्रांना हसू दे. होत नसशील आणि दोन आठवडे हेच चाललं असेल, तर वरच्या पहिल्या उत्तरातले नऊ मुद्दे वाच आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला सांग.

मुलगा सतरा वर्षांचा, नीटसाठी लातूरला वसतिगृहात. फोनवर ‘हं’, ‘बरं’ एवढंच. दिवाळीत घरी आला तर बहिणीवर हात उगारला. क्रिकेट सोडलं. सराव परीक्षेत ७२०पैकी ५२०वरून ३८०वर आला. तिथले सर म्हणतात, मोबाईलने बिघडलाय, काढून घ्या. – एक वडील, नांदेड जिल्हा

तुम्ही लिहिलेल्या पाच ओळींत आम्हाला बिघडण्यापेक्षा आजाराची शक्यता जास्त दिसते. अठराच्या आतल्या मुलांत ‘उदास मन’ या खुणेच्या जागी ‘चिडचिडं मन’ धरायला निदानाच्या नियमांतच मुभा आहे. संताप, आवडता खेळ सुटणं, गुण कोसळणं, बोलणं आटणं: चार खुणा एकाच सत्रात. मोबाईल कारण असेल किंवा नुसती लपायची जागा. रात्री दोनला तो मोबाईल बघतो म्हणून झोप नाही, की झोप येत नाही म्हणून मोबाईल बघतो, हे आधी शोधा. काढून घेतलात तर त्याचा उरलेला एक आधार जाईल आणि तुम्हाला कळवायचं साधनही.

फोनवर हे होणार नाही, स्वतः जा. खोलीत समोरासमोर बसवून ‘काय झालंय तुला?’ विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘काही नाही.’ चालताना, गाडीवर, टपरीवर शेजारी उभं राहून बोला. नजरेला नजर नसली की मुलगे जास्त बोलतात. प्रश्न विचारू नका, दिसलेलं सांगा: ‘दिवाळीत बॅटला हात लावला नाहीस. रात्री उशिरापर्यंत दिवा चालू होता. मला काळजी वाटते.’ मग गप्प बसा. इथेच बहुतेक वडिलांचं चुकतं. पंधरा सेकंदांची शांतता सहन होत नाही, आणि मग ‘आम्ही तुझ्यासाठी किती केलं’, ‘आमच्या वेळी’, ‘फीचे पैसे’ यांतलं काहीतरी तोंडातून निसटतं. त्या भेटीत गुणांचा विषय काढायचाच नाही.

थोडं बोलणं सुरू झालं की सरळ विचारा: ‘जगूच नये असं कधी वाटतं का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही; असेल तर बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर उपदेश नको, शपथा नकोत. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढं म्हणा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य, मराठीत आहे. घरी नेणार असाल तर शेतीची औषधं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या आधी कुलपात. किल्ली तुमच्याजवळ, नेहमीच्या खुंटीवर नाही.

पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळतं की मुली आत्महत्येचे प्रयत्न जास्त करतात, मृत्यू मुलांचे जास्त होतात. आपल्याकडे अठराच्या आतल्या मुलांत हे तसंच्या तसं लागू नाही: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांत या वयात मुलींचे मृत्यू मुलांपेक्षा अधिक आहेत. तेव्हा ‘मुलगी आहे, नुसती धमकी देते’ असं कोणीही म्हणू नये.

डॉक्टरकडे नेताना ‘झोपेचं आणि चिडचिडीचं दाखवू’ असं सांगितलं तर चालेल, ते खरंच आहे. ‘डोळे तपासायला’ सांगून मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात उभं केलंत तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. आणि वसतिगृहात लेखी देऊन ठेवा: तो जेवायला आला नाही किंवा दोन तासिका चुकवल्या तर त्याच दिवशी तुम्हाला फोन यावा.

माझी मैत्रीण आणि मी रोज रात्री तास-दीड तास बोलतो. तिचं घरचं, माझं घरचं. बोलून हलकं वाटायला हवं ना? मला आणखी जड वाटतं. – १६ वर्षं, डोंबिवली

तुझं निरीक्षण पक्कं आहे. अमांडा रोझ या संशोधिकेने यावर बरंच काम केलंय. दोघींनी मिळून एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळलं की मैत्री घट्ट होते, पण मुलींमध्ये उदासीही वाढते. मुलग्यांच्या बाबतीत मैत्री घट्ट झाली, उदासी वाढलेली दिसली नाही.

सांगणं आणि उगाळणं यांतला फरक सोपा आहे: कालच्या बोलण्यात नव्हतं असं आज काही आलं का? नसेल तर दळलेलंच दळण चाललंय. मैत्रीण सोडू नकोस. बोलणं वीस मिनिटांचं ठेवा आणि शेवटी एकमेकींना एकच विचारा: ‘यातलं उद्या काय करता येईल?’ उत्तर अगदी छोटं चालेल, ‘काकूंना विचारून अभ्यासाला त्यांच्याकडे बसेन’ इतकं. काहीच करता येण्यासारखं नसेल तर विषय बदला. रात्री अकराच्या पुढे हे बोलणं नकोच; अर्धवट झोपेत प्रत्येक गोष्ट दुप्पट मोठी दिसते आणि तुमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. एक अपवाद: तिच्या ‘घरच्या’ गोष्टींत मारहाण किंवा नकोसा स्पर्श असेल, तर ते गुपित सांभाळायचं नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

पाळीच्या आधी चार-पाच दिवस मुलगी वेगळीच होते, स्वतःलाच शिव्या घालते. हे नैराश्य का? – एक आई, पणजी

अंदाजाने ठरवू नका, दोन पाळ्या लिहून काढा. कॅलेंडरवर रोज रात्री चार गोष्टींना एक ते सहा गुण: उदासी, चिडचिड, झोप, अंगदुखी. गुण आधीच्या आठवड्यात चढून पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरत असतील आणि मधले दिवस स्वच्छ असतील, तर हा पाळीपूर्वीचा त्रास. तीव्र असेल तर त्यावर वेगळे उपचार आहेत. महिनाभर गुण चढलेलेच आणि पाळीआधी आणखी वर जात असतील, तर ते नैराश्य, पाळीने वाढलेलं. हे कॅलेंडर घेऊन गेलात तर डॉक्टरांचं पहिल्या भेटीतलं अर्धं काम झालेलं असेल.

नातीला गोळ्या सुरू करायला सांगितल्यात. आयुष्यभर घ्याव्या लागतील का? नुसत्या समुपदेशनाने नाही होणार? – एक आजोबा, नाशिक

सौम्य असेल तर आधी समुपदेशन, नियमित झोप आणि रोजचा ठरलेला हालचालीचा वेळ यांनी सुरुवात करतात. मध्यम-तीव्र असेल तर दोन्ही लागतं. अमेरिकेतल्या २००४च्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी आणि विचार-वर्तन उपचार (सीबीटी, समुपदेशनाची एक पद्धत) एकत्र घेणाऱ्या ७१ टक्के मुलांना चांगला फरक पडला. फक्त गोळी घेणाऱ्यांत ६१, फक्त विचार-वर्तन उपचार घेणाऱ्यांत ४३, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३५.

गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेतले बदल मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. त्रास लगेच आणि फायदा उशिरा, म्हणून पुष्कळ घरी दहाव्या दिवशी गोळी बंद होते. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर काही मुलांत बेचैनी आणि मरणाचे विचार वाढू शकतात. त्यामुळे पहिला महिनाभर डॉक्टरांना दर आठवड्याला भेटा किंवा फोन करा, आणि पाकीट नातीच्या टेबलावर न ठेवता तुमच्याकडे ठेवून रोजची गोळी हातात द्या. परवडत नसेल तर उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये १० ते १९ वयासाठी मोफत सल्ला मिळतो. पुढे कुठे दाखवायचं तेही तिथे सांगतात.

आयुष्यभर नाही. पूर्ण बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर तोच डोस चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येतात आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. डोस उतरवायला परीक्षेचा महिना निवडू नका, शाळा बदलण्याचाही नाही. नाशकात असाल तर दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना बरा, म्हणजे सुरुवातीचे दिवस नात डोळ्यांसमोर राहील.